कमांड नॉट फाउंड: प्रोग्रॅम मशीनमध्येच आहे, शेलला दिसत नाहीये

नवीन काहीतरी इन्स्टॉल केलं, इन्स्टॉलरने शेवटी सक्सेसफुल वगैरे छान सांगितलं, तुम्ही टर्मिनल उघडून नाव टाइप केलं आणि उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. विंडोजवर तेच जरा लांबण लावून येतं, की हे नाव ना इंटर्नल कमांड आहे ना एक्स्टर्नल, ना चालवता येणारा प्रोग्रॅम ना बॅच फाइल. यावर बहुतेक नवे लोक काय करतात तर अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल. मीही केलंय, एकच प्रोग्रॅम तीन वेळा काढून तीन वेळा टाकला, आणि तो पहिल्या वेळेपासून डिस्कवर जागच्या जागी बसलेला होता. काखेत कळसा गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तर त्या मेसेजचा अर्थ आधी नीट लावून घ्या. तो "प्रोग्रॅम नाहीये" असं म्हणत नाही, तो म्हणतोय "मला ज्या फोल्डरमध्ये बघायला सांगितलंय त्यात हा सापडला नाही". या दोन वाक्यांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

एक सूचना, खाली सगळ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या, आणि लिनक्स किंवा मॅकवर पाथ हा व्हेरिएबल पूर्ण कॅपिटलमध्ये, कारण तिथे लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात. विंडोजला त्याचं काही नाही.

पाथ म्हणजे नक्की काय

पाथ हा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमना वाचता यावी म्हणून नाव देऊन ठेवलेली माहिती) आहे, आणि त्याच्या आत साधा मजकूर आहे, बस. त्या मजकुरात फोल्डरची नावं एकामागे एक लिहिलेली असतात, लिनक्स आणि मॅकवर मध्ये कोलन, विंडोजवर सेमीकोलन (विंडोजला कोलन वापरता येत नाही कारण तो सी: डी: मध्ये अडकलाय). तुम्ही नाव टाइप केलं की शेल (टर्मिनलमध्ये तुम्ही टाइप केलेलं वाचून चालवणारा प्रोग्रॅम) ही यादी डावीकडून उजवीकडे वाचत जातो, प्रत्येक फोल्डरमध्ये त्या नावाची चालवता येणारी फाइल आहे का बघतो, पहिली सापडली की तीच चालवतो आणि पुढे बघतच नाही. यादीतल्या फोल्डरच्या आत अजून फोल्डर असतील तर त्यात तो डोकावत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणजे तुम्ही टूल्स नावाचा फोल्डर पाथमध्ये टाकला आणि प्रोग्रॅम टूल्सच्या आतल्या बिनमध्ये असेल तर उपयोग शून्य.

आणि यात कुठलीही जादू नाही. लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तर या भानगडीत पडतच नाही, त्याला फाइलचा पत्ता द्यावा लागतो, ही शोधाशोध करणारा शेल असतो किंवा प्रोग्रॅममधली लायब्ररी. युनिक्सच्या सातव्या एडिशनमध्ये, १९७९ साली, बॉर्न शेलबरोबर ही पद्धत आज आपण वापरतो त्या रूपात आली, आणि डॉसमध्ये फोल्डर आले ते २.० व्हर्जनमध्ये १९८३ ला, त्याच्याबरोबरच पाथ आला. म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे आणि आजही पहिल्याच दिवशी नव्या माणसाला अडवते.

नावात स्लॅश असेल तर मात्र शेल शोधत बसत नाही, तुम्ही पत्ता दिलाय असं समजून थेट तिथे जातो. म्हणूनच लिनक्सवर स्वतःच्या फोल्डरमधली स्क्रिप्ट चालवायला समोर डॉट-स्लॅश लावावा लागतो, `./माझीस्क्रिप्ट` असं. डॉट म्हणजे आत्ताचा फोल्डर.

आधी यादी बघा

लिनक्स किंवा मॅकवर `इको $पाथ` टाका. सगळं एका ओळीत चिकटून येईल आणि डोळे फिरतील, म्हणून मी कोलनच्या जागी नवी ओळ टाकून घेतो: `इको $पाथ | टीआर ':' '\एन'`. आता वरपासून खाली वाचा, त्याच क्रमाने शेल शोधतो. साधारण /युएसआर/लोकल/बिन, /युएसआर/बिन, /बिन अशी मंडळी दिसतील. (हल्लीच्या बऱ्याच लिनक्समध्ये /बिन हा /युएसआर/बिनकडे बोट दाखवणारा नुसता दुवा असतो, म्हणून दोन्हीकडे त्याच फाइल दिसल्या तर दचकू नका.)

विंडोजच्या जुन्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, नुसतं `पाथ` टाइप करून एंटर मारलं तरी यादी येते. पॉवरशेलमध्ये `$एन्व्ह:पाथ -स्प्लिट ';'` केलं की एकाखाली एक येते.

मग विचारा की कुठला प्रोग्रॅम चालतोय

बॅशमध्ये (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) `टाइप -ए पायथन३` असं विचारा. लोक सवयीने व्हिच वापरतात, वाईट नाही, पण बॅशमध्ये व्हिच हा बाहेरचा वेगळा प्रोग्रॅम असल्यामुळे तुम्ही ठेवलेले अलायस (कमांडची टोपणनावं) आणि फंक्शन साधारणपणे त्याला दिसत नाहीत, आणि शेल तर पाथकडे वळायच्या आधी अलायस, फंक्शन आणि स्वतःच्या आतल्या कमांड बघतो. म्हणून व्हिच एक सांगतो आणि चालतं दुसरंच असं होऊ शकतं. टाइप हा शेलचाच भाग आहे, तो खरं सांगतो, आणि -ए लावलं की पाथमध्ये त्या नावाचे जेवढे आहेत तेवढे सगळे क्रमाने दाखवतो. स्क्रिप्टमध्ये वापरायचं असेल तर `कमांड -व्ही` घ्या.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये `व्हेअर पायथन`. पॉवरशेलमध्ये हेच टाकलं तर काहीच येत नाही आणि माणूस बुचकळ्यात पडतो, कारण तिथे व्हेअर हे नाव दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे. तिथे पूर्ण `व्हेअर.ईएक्सई पायथन` लिहा नाहीतर `गेट-कमांड पायथन`.

काहीच सापडलं नाही तर फाइल पाथच्या बाहेर कुठेतरी आहे (किंवा खरंच नाहीये, तीही शक्यता सोडू नका). सापडली पण भलतीच, तर क्रमाचा लोचा आहे, त्यावर पुढे बोलू.

लिनक्स-मॅकवर अजून एक छोटा पुरावा मिळतो. कमांड फसल्यावर लगेच `इको $?` करा. १२७ आलं तर सापडलीच नाही, १२६ आलं तर फाइल सापडली पण ती चालवायची परवानगी नाही, म्हणजे पाथला हात लावायची गरजच नाही, `सीएचमॉड +एक्स` आणि फाइलचं नाव दिलं की बहुतेक वेळा काम होतं.

फाइल कुठे जाऊन बसलीये

इथे लोक अख्खी डिस्क शोधायला लावतात आणि वाट बघत बसतात. त्याआधी इन्स्टॉल करताना स्क्रीनवर काय आलं होतं ते वर स्क्रोल करून वाचा. पिपने (पायथनची पॅकेज इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) काही टाकलं तर तो चक्क पिवळ्या अक्षरांत वॉर्निंग देतो की स्क्रिप्ट अमुक फोल्डरमध्ये ठेवलीये आणि तो फोल्डर पाथवर नाही. अख्खं उत्तर त्या एका ओळीत असतं आणि ती ओळ कोणी म्हणता कोणी वाचत नाही!

नेहमीच्या जागा सांगतो. लिनक्सवर पिपने फक्त तुमच्या युजरसाठी टाकलेलं ~/.लोकल/बिन मध्ये जातं, रस्टचा कार्गो ~/.कार्गो/बिन मध्ये टाकतो, गो भाषेतली टूल्स, वेगळं सेटिंग केलं नसेल तर, ~/गो/बिन मध्ये. मॅकवर होमब्रू (टूल्स इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम, त्याची कमांड ब्रू) असेल तर नव्या ॲपल सिलिकॉन मशीनवर /ऑप्ट/होमब्रू/बिन आणि जुन्या इंटेलवर /युएसआर/लोकल/बिन. जुन्या मॅकवरून नव्यावर सेटिंग फाइल जशीच्या तशी उचलून आणली की ब्रू सापडत नाही ते यामुळेच. विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्स किंवा तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटाच्या आत लोकल, त्यात प्रोग्रॅम्स.

फाइल मिळाली की पूर्ण पत्ता टाइप करून एकदा चालवून बघा. चालली ना? मग प्रोग्रॅम ठणठणीत आहे, फक्त यादीत भर घालायची. इथे नाही चालली तर पाथमध्ये कितीही फोल्डर कोंबले तरी चालणार नाही, अडचण दुसरीकडे आहे.

आधी तात्पुरतं जोडा

लगेच सेटिंग फाइल उघडू नका. आत्ताच्या टर्मिनलपुरतं जोडून बघा:

`एक्स्पोर्ट पाथ="$पाथ:$होम/.लोकल/बिन"`

यात दोन-तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. फोल्डरचा पत्ता द्यायचा, फाइलचा नाही. अवतरणचिन्हांच्या आत ~ लिहिलं तर शेल ते उलगडत नाही, ते तसंच्या तसं अक्षर म्हणून पाथमध्ये जाऊन बसतं आणि दिसायला सगळं बरोबर दिसतं, त्यामुळे चूक लवकर सापडत नाही, म्हणून $होम लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधला तो $पाथ विसरू नका. तो विसरलात तर जुनी यादी पुसून फक्त तुमचा एक फोल्डर उरतो आणि फोल्डरमधल्या फाइल दाखवणारी साधी एलएस कमांड सुद्धा चालेनाशी होते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला वाटलं सिस्टिमच उडाली, घाबरून मशीन रिस्टार्ट केलं. गरज नव्हती, खिडकी बंद करून नवी उघडली असती तरी भागलं असतं, कारण बदल त्या एका शेलपुरताच होता.

पॉवरशेलमध्ये तात्पुरतं करायचं तर `$एन्व्ह:पाथ += ';सी:\टूल्स\बिन'`.

आता कायमचं

लिनक्सवर बॅश असेल तर तीच एक्स्पोर्टवाली ओळ होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसी फाइलच्या शेवटी टाका. शास्त्रशुद्ध जागा डॉट प्रोफाइल आहे, ती लॉगिन करताना एकदा वाचली जाते, बॅशआरसी प्रत्येक नव्या टर्मिनलला वाचली जाते, पण सुरुवातीला बॅशआरसीने काही बिघडत नाही. उबुंटूवर एक गंमत आहे, तिथल्या डॉट प्रोफाइलमध्ये आधीच लिहिलेलं असतं की ~/.लोकल/बिन हा फोल्डर असेल तर तो पाथमध्ये घे. पण हे लॉगिनच्या वेळी तपासलं जातं. म्हणजे तुम्ही पिपने आयुष्यातलं पहिलं टूल टाकलं, फोल्डर तेव्हा तयार झाला, आणि लॉगिन त्याच्या आधीचं, म्हणून सापडत नाही. लॉगआउट करून परत या, काहीही न लिहिता चालायला लागेल.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून डिफॉल्ट शेल झेड शेल आहे, त्यामुळे बॅशआरसीमध्ये कितीही लिहा, तो वाचणारच नाही. ओळ डॉट झेडएसएचआरसी मध्ये टाका. इंटरनेटवरच्या जुन्या सूचना बघून बॅश प्रोफाइल भरत बसलेले लोक मी बरेच पाहिलेत. कुठला शेल आहे माहीत नसेल तर `इको $शेल`, तिथे शेल शब्द कॅपिटलमध्ये. झेड शेलमध्ये छोट्या अक्षरांतला पाथ हा सुद्धा त्याच यादीचं दुसरं रूप आहे, एक बदलला की दुसरा बदलतो, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये एखाद्या फाइलचा पत्ता ठेवायला सहज म्हणून पाथ नावाचा व्हेरिएबल केलात तर पुढच्या ओळीपासून सगळ्या कमांड गायब. दुसरं कुठलंही नाव घ्या.

विंडोजवर स्टार्ट मेनूत एन्व्हायर्नमेंट टाइप करा, "एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युअर अकाउंट" असं येईल ते उघडा, वरच्या यादीत पाथ निवडून एडिट, मग न्यू, फोल्डरचा पत्ता पेस्ट करा, ओके, ओके. विंडोज १० मध्ये ही एकाखाली एक यादी आली, त्याआधी एका इवल्याशा चौकटीत सेमीकोलन मोजत बसावं लागायचं. खिडकीत वर तुमच्या युजरचा पाथ असतो आणि खाली सिस्टिमचा. शोधताना आधी सिस्टिमचा वाचला जातो आणि त्याच्या शेपटाला तुमचा जोडतात, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सेटएक्स नावाची कमांड वापरून पाथ बदला असं जागोजागी सांगतात. नका करू. ती १०२४ अक्षरांच्या पुढचं कापून टाकते, आणि नेहमीच्या पद्धतीने `%पाथ%` देऊन वापरली तर सिस्टिमचा आणि तुमचा पाथ एकत्र कालवून तुमच्या खात्यात टाकते. कापलेलं परत मिळत नाही. खिडकीतून करा, दोन क्लिक जास्त लागतील.

मग टर्मिनल बंद करून नवीन उघडा. कारण असं की प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना त्याच्या पालक प्रोग्रॅमकडून एन्व्हायर्नमेंटची कॉपी मिळते, नंतर सेटिंग बदललं तरी जी कॉपी आधीच हातात आहे ती बदलत नाही. म्हणूनच कोड एडिटरच्या आतलं टर्मिनल बंद करून उघडलं तरी कधी कधी जुनाच पाथ दिसतो, तिथे पालक म्हणजे एडिटर, तो पूर्ण बंद करून उघडावा लागतो. लिनक्सवर `सोर्स ~/.बॅशआरसी` केलं तरी चालतं, फक्त दहा वेळा केलंत तर तीच ओळ दहा वेळा पाथला चिकटते. त्याने बिघडत काही नाही, यादी वाचायला वैताग येतो एवढंच.

सापडतो, पण चुकीचा

हे खरं त्रासदायक प्रकरण, कारण एरर येतच नाही. तुम्ही नवं व्हर्जन टाकलंय आणि व्हर्जन विचारलं तर जुनंच सांगतंय. पहिला सापडला तो जिंकला, एवढाच नियम, म्हणजे जुन्याचा फोल्डर यादीत आधी आहे. `टाइप -ए` किंवा `व्हेअर` ने दोन्ही दिसतील. उपाय म्हणजे नवा फोल्डर पुढे लावा: `एक्स्पोर्ट पाथ="$होम/टूल्स/बिन:$पाथ"`. पुढे लावलेला फोल्डर यादीतल्या सगळ्यांवर मात करतो, म्हणून तिथे नको ते ठेवू नका. पण शेलच्या आतल्या कमांडपुढे त्याचंही चालत नाही. मी एकदा टेस्ट नावाची स्वतःची स्क्रिप्ट बनवली आणि ती काही केल्या चालेना, कारण टेस्ट ही शेलच्या आतलीच कमांड आहे, ती पाथपर्यंत येऊच देत नाही. विंडोजवर सिस्टिमचा पाथ आधी असल्यामुळे तुमच्या खात्यातला फोल्डर कितीही वर सरकवा, सिस्टिममधला जुना प्रोग्रॅम जिंकणारच, तेव्हा त्याला तिथून काढा किंवा अनइन्स्टॉल करा.

विंडोजवर पायथन टाइप केलं आणि एकदम मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं, हा त्यातलाच प्रकार. विंडोजॲप्स नावाच्या फोल्डरमध्ये पायथन नावाची एक डमी फाइल असते, ती स्टोअर उघडते. सेटिंग्जमध्ये ॲप एक्झिक्युशन अलायसेस शोधून पायथनसमोरची दोन बटणं बंद करा. आणि पायथनच्या जुन्या पद्धतीच्या इन्स्टॉलरमध्ये पहिल्याच स्क्रीनवर खाली पाथमध्ये टाकण्याची एक चौकट असते, तिच्यावर टिक करायला विसरतात सगळे.

बॅशची अजून एक सवय. एकदा सापडलेल्या प्रोग्रॅमचा पत्ता तो लक्षात ठेवतो, दर वेळी शोधत नाही. प्रोग्रॅम दुसरीकडे हलवला तर तो जुन्याच पत्त्यावर जाऊन "अशी फाइल नाही" म्हणतो, आणि तुम्ही बघताय की पाथ तर बरोबर आहे. `हॅश -आर` टाका, तो सगळं विसरून नव्याने शोधेल.

विंडोजला ईएक्सई न लिहिताही प्रोग्रॅम सापडतो तो पाथईएक्सटी या दुसऱ्या व्हेरिएबलमुळे, त्यात कुठकुठली एक्स्टेन्शन लावून बघायची ती क्रमाने लिहिलेली असतात, कॉम, ईएक्सई, बॅट, सीएमडी वगैरे. कमांड प्रॉम्प्ट पाथच्याही आधी आत्ताचा फोल्डर बघतो, पॉवरशेल बघत नाही, तिथे लिनक्ससारखंच `.\` लावायचं.

हे वाचून कोणाला वाटेल की मग लिनक्सवरही पाथमध्ये डॉट टाकून द्यावा, कटकट नको. हे करू नका. कोणीतरी दिलेली झिप तुम्ही उघडली, त्या फोल्डरमध्ये एलएस नावाची फाइल असली आणि तुमचा डॉट पुढे असला, तर तुम्ही एलएस टाइप करताच त्याचा प्रोग्रॅम चालला. डॉट शेवटी असला तरी टायपिंगची चूक पकडून फसवता येतं. पाथच्या सुरुवातीला किंवा शेवटी सुटा कोलन राहिला किंवा दोन कोलन शेजारी आले तरी त्या रिकाम्या जागेचा अर्थ आत्ताचा फोल्डर असाच धरला जातो, हे फार कमी जणांना माहीत असतं, तेव्हा यादी बघताना मध्ये रिकामी ओळ दिसतेय का बघा.

माझ्याकडे चालतं, तिथे चालत नाही

टर्मिनलमध्ये चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) लावली की फसते, कारण क्रॉन तुमची बॅशआरसी वाचत नाही, त्याचा पाथ अगदी तोकडा असतो, बऱ्याचदा फक्त /युएसआर/बिन आणि /बिन. क्रॉनमध्ये सरळ पूर्ण पत्ते लिहा. सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं) लावल्यावर कमांड सापडत नाही तेही असंच, तिथे बऱ्याच सिस्टिमवर सिक्युअर पाथ नावाची स्वतःची यादी ठरवलेली असते आणि तुमची बाजूला ठेवली जाते, ते मुद्दाम केलंय.

सगळंच बिघडवून ठेवलं तर

बॅशआरसीमध्ये चुकीची ओळ गेली, आता प्रत्येक नवं टर्मिनल उघडलं की काहीच चालत नाही, एडिटर सुद्धा नाही. आधी एवढं टाइप करा: `पाथ=/युएसआर/बिन:/बिन`. हे शेलचं स्वतःचं काम आहे, त्याला कुठला प्रोग्रॅम शोधावा लागत नाही, त्यामुळे चालतंच. मग `नॅनो ~/.बॅशआरसी` करून ती ओळ दुरुस्त करा, सेव्ह करा, आणि ही खिडकी बंद करायच्या आधी दुसरी उघडून एलएस चालतंय का बघून घ्या.